तालमीच्या माडीवर कुठली सिस्टिम?

सकाळचे साडेसात. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली एक तालीम. खाली कुस्तीच्या हौद्यात पोरं लाल मातीत घुमताहेत आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, माडीवर, कॉम्प्युटरचा क्लास चालू आहे. खाली कुणी दणकून आपटला की वर कीबोर्ड हलतात.

मी पत्रकार आहे. पंचवीसएक वर्षं ह्या जिल्ह्यात बातमीदारी केली. त्या माडीवर मात्र मी विद्यार्थी. आमच्या ऑफिसनं फतवा काढला, की यापुढे प्रत्येकानं आपली कॉपी आपणच टाईप करून आपणच पानात सोडायची. हातानं लिहून दुसऱ्याच्या टेबलावर फेकण्याचे दिवस संपले. म्हणून गेलो. बातमी शोधायला गेलो नव्हतो!

पण किस्से शोधावे लागत नाहीत. ते उसाच्या चिपाडासारखे असतात. रस बातमीत जातो, छापून येतो, लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. चिपाड मागं साठत राहतं. आणि मग एक दिवस ध्यानात येतं, की गुऱ्हाळाची चूल पेटते ती चिपाडावरच!

तर हे माडीवरचं चिपाड.

*

क्लास चालवते शाहीन मुजावर. पेठेतलीच पोर. भावाचं सायबर कॅफे होतं तेव्हा गल्ल्यावर बसून ती सगळं शिकली, मग रीतसर डिग्री घेतली. आता पेठ तिला 'मॅडम' म्हणते आणि ती पेठेला सरळ करते. जागा तालमीची, म्हणजे आण्णा वस्तादांची. एका संस्थेनं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने तालमीला देऊन टाकले, तिथून हे सगळं सुरू झालं.

मॅडमनी एकेक कॉम्प्युटर उघडून बघितला आणि निकाल दिला, "आण्णा, ही म्हातारी माणसं हायत. नवं विंडोज ह्यांना झेपायचं न्हाई. मी लिनक्स घालते. अंगानं हलकं हाय, आणि फुकट हाय."

'फुकट' ऐकल्यावर वस्तादांची मान वळली.

"फुकटच्या खुराकावर पैलवान होत न्हाई, पोरी!"

"आण्णा, तुम्ही पोरांस्नी ढाक डाव शिकवता. पैसे घेता?"

"छ्या! इद्या विकत न्हाई मी."

"मग तुमची ढाक कमअस्सल म्हणायची का?"

वस्ताद बराच वेळ मिशीला पीळ देत बसले. मग जिन्यातून खाली ओरडले, "मॅडमला च्या सांगा रे!"

कोल्हापुरात एखादा वाद हरल्याची कबुली ह्यापेक्षा जास्त कुणी देत नाही.

*

पण वस्तादांनी एक अट घातली.

तालमीत नवा पोरगा आला की त्याला लगेच डाव शिकवत नाहीत. तो आधी हौदा खणतो. मातीतले खडे वेचतो. तेल, हळद, ताक घालून माती मळतो. मातीला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय आत पाऊल नाही.

"वरबी त्योच नियम," वस्ताद म्हणाले. "आल्या आल्या कुणी पडद्याफुडं बसायचं न्हाई. आधी टेबलाखाली वाकायचं. डबा पुसायचा, वायरी कुठनं कुठं गेल्यात ते बघायचं. मग वर बसायचं."

डबा म्हणजे टेबलाखाली असतो तो कॉम्प्युटरचा खोका. आमच्या माडीवर त्याला दुसरं नाव नाही.

मी विरोध केला. विरोध करणं हा माझा पेशाच आहे. म्हटलं, "आण्णा, माझे गुडघे दुखतात."

"मग तर वाकाच!"

त्यामुळं आमचा क्लास सुरू होताना कुणी नवखा दारात आला, तर त्याला सगळे टेबलाखाली शिरलेले दिसतात. एक पाहुणे तर दारातच चपला हातात घेऊन विचारते झाले, "काय हरवलंय व्हय? मीबी बघू लागू का?"

*

आता मूळ प्रश्न. नवख्या माणसानं शिकायला कुठली सिस्टिम धरावी? सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर जी आधी जागी होते आणि बाकी सगळ्यांना कामाला लावते ती. घरातल्या थोरल्या सुनेसारखी.

ह्या प्रश्नावर पेठेत उभी फूट पडली. कोल्हापुरात फूट पडायला कारण लागत नाही. फुटबॉल पुरतो, मिसळ पुरते. पांढरा रस्सा आधी घ्यावा की तांबडा, ह्यावर बोलणं बंद झालेले भाऊ मला माहीत आहेत. आता विंडोजवाले आणि लिनक्सवाले!

विंडोजवाल्यांचं म्हणणं, सगळं जग जे वापरतंय तेच शिका. लिनक्सवाल्यांचं म्हणणं, सगळं जग रस्ता पण चुकीच्या बाजूनं ओलांडतंय. चहाच्या गाडीवर हा वाद एवढा पेटला, की एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, "आमच्या तीन पिढ्या विंडोजवाल्या!"

त्यांच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. चौकशी केली. आजही नाही.

*

मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करणारे शहाजीराव आमच्याच बॅचला. मोठा माणूस, मोठा आवाज. एके दिवशी कोरा लॅपटॉप घेऊन आले. चालू केला तर काळा पडदा आणि वर दोन ओळी पांढरी अक्षरं.

"मॅडम, ह्याला काय झालंय बघा की."

"शहाजीराव, ह्यात सिस्टिमच न्हाई. रिकामा घेतलाय तुम्ही."

"व्हय की! दुकानदार म्हणाला, रिकामा स्वस्त पडंल. म्हटलं द्या, भरू आपण नंतर."

"मग आता कुठली भरू?"

शहाजीराव व्यापारी माणूस. एका गिऱ्हाइकावर कधी विसंबत नाहीत. म्हणाले, "दोन्ही भरा. एक रुसली तर दुसरी हाय."

तसंही करता येतं! मॅडमनी दोन्ही घातल्या. विंडोज शहाजीरावांनी दुकानातून रीतसर विकत आणलं, लिनक्स मॅडमनी दिलं. आता लॅपटॉप उघडला की तो आधी विचारतो, आज कुठली चालू करू? काही सेकंद थांबतो, आणि उत्तर आलं नाही की आपल्या मनानं एक चालू करतो.

चार दिवसांनी शहाजीराव फणफणत माडीवर आले. "मॅडम, हे बेणं मला विचारतंय, पण उत्तराची वाट बघत न्हाई! मी चष्मा शोधूस्तवर ह्यानं ठरवलं पण!"

"मग काय करू? एक काढून टाकू?"

शहाजीराव एकदम खालच्या पट्टीत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आमच्या घरातबी असंच चालतं. सवय हाय."

*

खंडेनवमीला तालमीत गदा, करेल, मुदगल अशा कसरतीच्या सगळ्या साधनांची पूजा होते. आमच्या तालमीत गणपती बसतो, मोहरमला पंजा बसतो, आणि दोन्हीची वर्गणी मागायला तीच पोरं येतात. त्यामुळं हार आणले ते शाहीनमॅडमनी, ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. वस्तादांनी एकेक झेंडूचा हार घेतला आणि प्रत्येक पडद्याला घालत सुटले.

"आण्णा, पडद्याला नको," मॅडम म्हणाल्या. "हार डब्याला घाला. सिस्टिम डब्यात असती. अक्कल, आठवण, सगळं डब्यात. पडदा नुसतं तोंड हाय."

वस्ताद हार हातात धरून थांबले. "म्हंजे डबा न्हाई, तर हे नुसतं तोंड काय कामाचं?"

"काय कामाचं न्हाई."

वस्ताद खाली वाकले, डब्याला हार घातला, आणि उठता उठता माझ्याकडं बघून म्हणाले, "पत्रकार, तुमच्या त्या पुढाऱ्यांस्नीबी एकदा मागनं उघडून बघा!"

*

मी ह्या सगळ्यावर माझ्या सदरात एक लेख लिहिला. स्पष्ट लिहिलं, कारण मला गुळमुळीत लिहिता येत नाही. नवख्यानं कुठलीही एक सिस्टिम धरावी आणि तिच्याशी प्रामाणिक राहावं. फाईल कुठं ठेवायची, कशी शोधायची, कशी परत आणायची, बिघडलं तर न घाबरता काय बघायचं, हे एकीवर हाडात मुरलं की दुसरी आपोआप येते. तालमी बदलत फिरणारा कधी पैलवान होत नाही. माझं हे मत आजही तेच आहे. कुणाला वाद घालायचा असेल त्यानं सकाळी साडेसातला माडीवर यावं. आधी वाकावं लागेल!

लेखावर जयसिंगपूरहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला.

"तुम्ही बरोबर लिहिलंय. मला आधी कळायला पाहिजे होतं."

"का, काय झालं?"

"मी कोणती चांगली ते ठरवायचं म्हणून एकेक शिकून बघितली. पहिली सोडली, दुसरी घेतली. दुसरी सोडली, तिसरी घेतली. प्रत्येकीत चालू करायचं आणि बंद करायचं एवढं उत्तम येतंय."

"मग आता काय ठरवलंत?"

मास्तर मोठ्या उत्साहानं म्हणाले, "चौथी निघालीय म्हणतात. तिची चौकशी करायला फोन केलाय!"

*

आता सुनीता.

सुनीता चौगुले कोडोलीहून यायची. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं, पहिली एसटी धरायची आणि साडेसातला माडीवर. पदरात बी.कॉम.ची डिग्री, दोन लेकरं, आणि वय असं की नोकरीच्या जाहिरातीतली वयाची मर्यादा यंदा संपत होती. पुढच्या वर्षी अर्ज करायचाच नाही. जिल्ह्यातल्या एका मोठ्या सहकारी संस्थेत लिपिकाच्या जागा निघाल्या होत्या. लेखी परीक्षेत ती वरच्या चार-पाच जणांत आली. राहिली होती फक्त कॉम्प्युटरची प्रात्यक्षिक परीक्षा. जाहिरातीत दोनच शब्द होते: 'संगणकज्ञान आवश्यक'.

पहिल्याच दिवशी टेबलाखालून वर आल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मी कुठली शिकू?"

"परीक्षेला कुठली हाय?"

"त्येच तर कोण सांगंना."

मला राहवलं नाही. म्हटलं, ह्यात काय, मी विचारून येतो. एवढी वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलंय!

संस्थेची इमारत चकचकीत. भरती बघणारे साहेब खुर्चीत. मी विचारलं, "साहेब, प्रात्यक्षिक परीक्षा कुठल्या सिस्टिमवर आहे?"

"आमची सिस्टिम एकदम पारदर्शक आहे."

"ती नव्हे. कॉम्प्युटरमधली."

"कॉम्प्युटरवरच आहे की परीक्षा."

"कॉम्प्युटरमध्ये काय आहे?"

साहेबांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू पाहुण्याला पाणी दिल्यावर त्यानं विहीर कुठली असं विचारलंय. म्हणाले, "अहो, कॉम्प्युटरमध्ये सगळंच असतं!"

मी तोच प्रश्न कागदावर लिहून दिला आणि आवकचा शिक्का मारून घेतला. माडीवर येऊन सांगितलं, "सगळंच असतं म्हणे."

मॅडमनी सुनीताकडं बघितलं. "मग काय, सगळंच शिकायचं!"

*

ती लिनक्सवर शिकली. माडीवर दुसरं होतंच काय? पत्रं, हिशेबाचे तक्ते, मराठी टाईपिंग, फाईल शोधणं, बिघडलं तर वायरीपासून सुरुवात करणं. रोज आधी वाकणं, मग बसणं. परीक्षा जवळ आल्यावर मॅडमनी शहाजीरावांचा लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि त्यात विंडोज चालू करून दिलं.

आम्ही सगळे भोवती. शहाजीराव तर स्वतःची मुलगी बोर्डाला बसल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. सुनीता थोडा वेळ नुसती बघत राहिली. एक बटण दाबलं, चुकलं. दुसरं दाबलं, तेही चुकलं.

मग ती हसली.

"कळलं मॅडम. लग्न होऊन सासरला गेलते, तवा असंच झालतं. चूल तीच, स्वयंपाक त्योच. नुसती भांडी दुसऱ्या फडताळात हायत."

"मग?"

"मग काय! दोन दिसांत सापडत्यात की भांडी!"

दोन दिवस पण लागले नाहीत. चहा येईस्तोवर तिनं एक अर्ज टाईप करून, जपून ठेवून, बंद करून, परत शोधून दाखवला. मी चार कॉलमात जे लिहिलं होतं ते ह्या बाईनं फडताळात बसवलं! शहाजीरावांनी तिथंच जाहीर केलं, की लॅपटॉप कुठल्याही सिस्टिमनं चालू झाला तरी आता त्यांची हरकत नाही.

*

परीक्षेच्या दिवशी मी संस्थेच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर होतो. सुनीता अकरा वाजता आत गेली. बाकीच्यांच्या कितीतरी आधी बाहेर आली. चेहरा लाल. रडलेली नव्हती. चिडलेली होती.

आत काय झालं ते तिनं सांगितलं. मी बातमीदार आहे, एका तोंडावर छापत नाही. नंतर बाहेर आलेल्या दोघांना गाठलं. एकजण म्हणाला, "माझं नाव घालू नका." दुसरा म्हणाला, "काही झालंच न्हाई." दोघांनी मिळून सगळं सांगितलं. ते असं.

खोलीत रांगेनं टेबलं. प्रत्येक टेबलावर एक पडदा, एक कीबोर्ड, एक माऊस. टेबलांना खालपर्यंत निळं कापड गुंडाळलेलं, लग्नातल्या जेवणाच्या टेबलांना असतं तसं. पडदे काळे. परीक्षक म्हणाले, "बसा. समोरच्या कागदावरचा उतारा टाईप करा. वेळ सुरू."

सगळे बसले आणि लागले टाईप करायला. पडदे काळेच! पण टकटक टकटक आवाज असा, की बाहेर ऐकणाऱ्याला वाटावं, काय परीक्षा चाललीय! परीक्षक मागं हात बांधून रांगांतून फिरतायत. एकाच्या मागं थांबून म्हणाले, "स्पीड चांगला आहे."

सुनीता बसलीच नाही. इतके महिने अंगात मुरलेली सवय. ती आधी खाली वाकली. निळं कापड वर केलं.

टेबलाखाली काही नव्हतं. पडद्याची वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला फरशी होती.

तिनं शेजारच्या टेबलाचं कापड वर केलं. तिथंही फरशी.

ती उभी राहिली. "सर, ह्याला डबाच न्हाई."

"काय?"

"कॉम्प्युटर न्हाई सर हितं. नुसते पडदे हायत."

टकटक थांबली. परीक्षक म्हणाले, "लाईट गेलीय."

सुनीतानं वर बघितलं. "पंखा फिरतोय की."

"वायरलेस आहेत ते!"

"मग वायर कशाला लोंबतीया?"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, बाकीच्यांकडं बघितलं आणि ते म्हणाले, "ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांनी टाईप करा. ज्यांना द्यायची नाही त्यांनी बाहेर जा."

आणि पुन्हा टकटक सुरू झाली!

ती तरीही उभी राहिली. म्हणाली, "सर, कुठल्याबी सिस्टिमवर बसवा. मला दोन्ही येत्यात. पण बसवा." शिपायानं तिला दारापर्यंत सोडलं.

टपरीवर मी तिच्यासाठी चहा सांगितला. तिनं घेतला नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी मला फारम भरता येत न्हाई, दादा."

*

मी बातमी दिली. स्वतः टाईप केली, स्वतः पानात सोडली. लागली आतल्या पानावर, वधू-वर मेळाव्याच्या फोटोखाली. दुसऱ्या दिवशी संस्थेचा खुलासा आला तो मात्र पहिल्या पानावर! परीक्षा अद्ययावत यंत्रणेवर, पारदर्शक पद्धतीनं पार पडली. सर्व उमेदवारांना समान संधी देण्यात आली.

हे खरं होतं. समान होती. कुणालाच कॉम्प्युटर नव्हता.

मी पुन्हा साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. "सुनीता चौगुले ह्यांना प्रात्यक्षिकात शून्य का?"

साहेब शांतपणे म्हणाले, "उमेदवारानं यंत्राला हातच लावला नाही."

"कुठल्या यंत्राला?"

"म्हणून तर शून्य!"

वस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते हौद्याच्या कडेला बसले होते. मूठभर माती उचलून बोटांतून सोडली. मग म्हणाले, "पैलवान मातीत उतरला आणि हौद्यात मातीच न्हाई, तर दोष कुणाचा, पत्रकार?"

मी म्हटलं, "मी तेच विचारतोय."

"मग मोठ्यानं विचारा की!"

*

आता माडीवर दोन बॅच आहेत. दुसरी सुनीता घेते. साडेनऊची. लोक तिला आता 'चौगुले मॅडम' म्हणायला लागलेत. शाहीनमॅडमपेक्षा कडक. वाकल्याशिवाय बसू देत नाही. पण कुणी "बरं झालं बघा, जे होतं ते चांगल्यासाठीच" असं म्हणालं, की तिथल्या तिथं त्याला गप करते. "चांगल्यासाठी काय झालं? माझी जागा गेली."

गेल्या महिन्यात तिच्या बॅचला एक नवा विद्यार्थी आला. धैर्यशील त्याचं नाव. आडनाव लिहीत नाही. जिल्ह्यात ते सांगावं लागत नाही. स्वभावानं अगदी चांगला माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी त्या दिवशी एक फाईल सापडेना म्हणून पहिल्या बॅचनंतरही रेंगाळलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"या पावणं," सुनीता म्हणाली. "काय शिकायचंय?"

"कॉम्प्युटर. पहिल्यापासनं. मला नोकरी लागलीय, त्याचे हे पेढे. संगणक विभागात दिलंय मला. म्हटलं, आता शिकून घ्यावं. नवीन माणसानं कुठली सिस्टिम शिकावी, ताई?"

संस्थेचं नाव त्यानंच सांगितलं. शाहीनमॅडम खिडकीशी होत्या, त्या वळल्या. मी फाईल शोधायचा थांबलो. सुनीतानं पेढा घेतला नाही. शांत आवाजात विचारलं, "तुमच्या परीक्षेला कुठली होती?"

धैर्यशीलनं जरा आठवून बघितलं. "काळी होती."

मग तिच्याकडं निरखून बघायला लागला. "ताई, तुम्हाला कुठंतरी बघितलंय."

"तुमच्या शेजारच्या टेबलाला होते मी."

"हां! डबा न्हाई, डबा न्हाई म्हणालेल्या त्या तुम्हीच व्हय?" त्याला खरोखर आनंद झाला. "मी लई दिवस विचार करालोय, ह्या बाई कसला डबा म्हणत असतील! जेवणाचा असंल म्हटलं."

सुनीतानं रिकाम्या टेबलाकडं बोट केलं. "आधी खाली वाका. मग वर बसायचं. हितला नियम हाय."

इस्त्रीचा शर्ट सांभाळत तो गुडघ्यावर बसला, टेबलाखाली शिरला. थोडा वेळ नुसती खुडबुड. मग खालून आवाज आला, मोठा, अगदी निष्पाप.

"आयला! ह्योच का त्यो डबा!"

*

बातमीनंतर संस्थेत मी लेखी दिलेला दुसरा प्रश्न एका ओळीचा आहे: परीक्षेच्या दिवशी त्या पडद्यांखालचे कॉम्प्युटर कुठं होते?

आवकचा शिक्का आहे. उत्तर अजून नाही.